निवासी शाळेत इंग्रजी शिकवताना गेलेली ३१ वर्षे

समास

एकाच निवासी शाळेत सलग ३१ वर्षे इंग्रजी शिकवून मी यंदा निवृत्त झालो. त्यांपैकी १९ वर्षे मुलांच्या एका वसतिगृहाची जबाबदारीही माझ्याकडे होती. येथे शिक्षक बरेच आहेत आणि लहानपणी वसतिगृहात राहिलेलेही बरेच आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. शाळेचे नाव लिहिणार नाही. ज्या मुलांविषयी लिहिणार आहे ती आता मोठी झाली आहेत, पण त्यांची ओळख पटावी असे मला वाटत नाही, आणि जे सांगायचे आहे त्याला नावाची गरजही नाही.

रोज घरी जाणाऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षकाला मूल तासापुरते भेटते आणि घंटा झाली की ते त्याच्या घरचे होते. निवासी शाळेत सकाळच्या हजेरीला डोळे चोळत उभे असलेले मूल, तिसऱ्या तासाला क्रियापदाचे रूप चुकवणारे मूल, संध्याकाळी मैदानावर गुडघा फोडून घेतलेले मूल आणि रात्रीच्या अभ्यासाला वहीवर डोके टेकून झोपी गेलेले मूल हे एकच असते, आणि चारही वेळा ते आपल्यासमोर असते. शिकवणाऱ्यानेच वसतिगृह सांभाळावे ही पद्धत आज सगळे गृहीत धरतात, पण ती आपोआप आलेली नाही. इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत १८२८ ते १८४२ या काळात मुख्याध्यापक असलेल्या टॉमस अरनॉल्ड यांनी सहशिक्षकांकडे वसतिगृहे सोपवली आणि पुढे अनेक शाळांनी तोच कित्ता गिरवला.

आता इंग्रजीच्याच शिक्षकाविषयी वेगळे का लिहायचे, ते सांगतो. गणिताच्या वहीवरून मुलाला काय समजले आणि काय नाही ते कळते. इंग्रजीच्या वहीत आपण त्याला घर, सुट्टी, मित्र, भीती, पाऊस अशा विषयांवर लिहायला सांगतो, म्हणजे घरापासून दूर असलेल्या मुलाला आपणच घराकडे पाठवतो, आणि तेही त्याची स्वतःची नसलेल्या भाषेत. सुरुवातीची काही वर्षे मी असे समजत होतो की परक्या भाषेत मूल मनातले लिहूच शकणार नाही. अनुभव उलटा आला. मातृभाषेत मूल मोठ्यांचे ऐकलेले वाक्प्रचार वापरून बरेच काही झाकू शकते. इंग्रजीचे चार-पाचशे शब्द हाताशी असले की झाकायला शब्दच उरत नाहीत, त्यामुळे ते जे आहे ते सरळ लिहून टाकते. ‘मला रात्री झोप येत नाही’ हे वाक्य मी इंग्रजी वह्यांत जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा कोणा मुलाच्या तोंडून ऐकले नाही.

पण ते वाचायला वेळ लागतो. माझ्याकडे सहसा चार वर्ग असत आणि प्रत्येकात तीसच्या आसपास मुले. आठवड्याला एक निबंध आणि एका निबंधाला सहा मिनिटे एवढेच धरले, तरी १२ तास होतात. हे तास वेळापत्रकात कोठेही नसतात. ते रात्री साडेनऊनंतर, दिवे मालवल्यावर आणि शेवटची फेरी मारून आल्यावर काढावे लागतात. अशा वेळी हातातले लाल पेन नकळत वेगाने चालू लागते आणि डोळे फक्त चुका शोधतात.

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक अशाच एका रात्रीची आहे. तेव्हा मला नोकरीत सहा वर्षे झाली होती आणि वसतिगृह माझ्याकडे आलेले नव्हते. अकरा वर्षांच्या मुलांना ‘माझे घर’ या विषयावर दीड पान लिहायला दिले होते आणि साधा वर्तमानकाळच वापरायचा असे बजावले होते, कारण त्या पंधरवड्यात तोच शिकवत होतो. एका मुलाचा निबंध जवळजवळ निर्दोष होता. जिना, खिडकी, कुत्रा, शेजारचे आजोबा, सगळे वर्तमानकाळात. शेवटच्या परिच्छेदात मात्र आईविषयी चार वाक्ये होती आणि चारही भूतकाळात होती. त्यातले एक अजून पाठ आहे: ‘माय मदर वेटेड फॉर मी ॲट द गेट.’ मी चारही क्रियापदांभोवती लाल गोल काढले, ‘वेटेड’च्या डोक्यावर ‘वेट्स’ लिहिले, समासात ‘काळ बदलू नकोस’ असा शेरा दिला आणि शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक वाक्य दुरुस्त करून पाच-पाच वेळा लिहायला सांगितले. त्याने वळणदार अक्षरात वीस ओळी लिहून आणल्या. मी बरोबरची खूण करून सही केली.

तीन आठवड्यांनी मेट्रनबाईंशी दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलणे चालले होते, तेव्हा कळले की त्या मुलाची आई तो शाळेत येण्याच्या काही महिने आधी वारली होती. त्याच्या प्रवेशाच्या कागदांत तसे लिहिलेले होते. ते कागद मी पाहिले नव्हते. त्याने काळ अचूक वापरला होता, आणि जिवंत असलेल्या गोष्टींपासून आईला त्याने ज्या एकाच रीतीने वेगळे काढले होते, ती रीत मी चूक ठरवली होती.

त्यानंतर पुढची पंचवीस वर्षे मी प्रत्येक निबंध दोनदा वाचला. पहिल्या वेळी पेन टेबलावर ठेवून, मुलाला काय सांगायचे आहे एवढेच पाहत. दुसऱ्या वेळी पेन घेऊन. वेळ वाढला, म्हणून पाच-पाच वेळा लिहून घेणे बंद केले आणि प्रत्येक चूक दुरुस्त करणेही सोडले. एका निबंधात एकाच प्रकारची चूक धरायची, बाकीच्या पुढच्या वेळी.

शिक्षकांनी आणि वसतिगृहात राहिलेल्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत. माझ्याशी मतभेद असतील तर तेही लिहावेत.


नवी पाटी

सर, पुढच्या महिन्यात मी एका निवासी शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून रुजू होत आहे. दहावीपर्यंतचे वर्ग आणि मुलींच्या वसतिगृहात सहायक, अशी दुहेरी नेमणूक आहे. आपला लेख वाचून मन भरून आले आणि थोडी भीतीही वाटली. काही गोष्टी विचारायच्या आहेत. मुली वर्गात इंग्रजी बोलायला लाजतात, त्यांना बोलते कसे करावे? रात्री वाचून दाखवण्याची पद्धत काही शाळांत असते असे ऐकले आहे, ती खरोखर उपयोगाची असते का? आणि स्वतःसाठी वेळ उरतो का, हेही स्पष्ट सांगावे.


तळटीप

समास यांनी अनुभवाने जे गाठले, त्यावर भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात गेली अनेक दशके वाद चालू आहे, त्याची थोडी पार्श्वभूमी देतो. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली असे मांडले की शिकणाऱ्याची चूक हा नुसता दोष मानू नये, कारण त्याच्या मनात भाषेचा कोणता नियम तयार होत आहे त्याचा तो पुरावा असतो. १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या अवस्थेतल्या भाषेला ‘इंटरलँग्वेज’ असे नाव दिले. मातृभाषाही नव्हे आणि पूर्ण इंग्रजीही नव्हे, अशी ती शिकणाऱ्याची स्वतःची व्यवस्था असते. पुढे १९९६ साली जॉन ट्रस्कॉट यांनी लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देणे निष्फळ असते, प्रसंगी अपायकारकही असते, म्हणून ते सोडूनच द्यावे, अशी टोकाची भूमिका घेतली. डेना फेरिस यांनी १९९९ साली तिला उत्तर दिले. निवडक, नेमकी आणि मुलाला समजेल अशी दुरुस्ती केली तर तिचा उपयोग होतो, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. वाद पूर्ण मिटलेला नाही, पण ‘एका वेळी एकाच प्रकारची चूक’ ही समास यांची रीत फेरिस यांच्या बाजूने जाते.

एक उदाहरण मला फार आवडते. आज जगभर वापरला जाणारा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश ज्यांच्यामुळे आला, ते ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. त्यांचा कोश प्रथम १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. कोणत्या नामाचे अनेकवचन होते आणि कोणत्याचे नाही, कोणत्या क्रियापदामागून काय येते, हे इंग्रज वाचकाला कोशात पाहावे लागत नाही. ते त्या कोशात आले, कारण तो करणाऱ्याने समोर बसलेली मुले कोठे अडतात ते वर्षानुवर्षे पाहिले होते. मराठी, रशियन, जपानी या भाषांत ‘ए’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती भाषा बोलणारी मुले तेथे अडखळतात. ही बेफिकिरी नव्हे, एवढे तरी प्रत्येक शिक्षकाने मनात ठेवावे.


घंटानाद

मी आठ वर्षे वसतिगृहात काढली. शिक्षक म्हणून नव्हे, मुलगा म्हणून. समास यांच्या शाळेतला नाही. आमच्या इंग्रजीच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ‘नॉस्टॅल्जिया’ हा एकच शब्द लिहिला आणि त्याची गोष्ट सांगितली. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझलमध्ये प्रबंध लिहिला, त्यात घरापासून दूर गेलेल्या माणसांना होणाऱ्या आजाराला त्याने हे नाव दिले. ग्रीकमधला ‘नॉस्टॉस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गॉस’ म्हणजे वेदना, हे दोन शब्द जोडून त्याने तो घडवला. आज आपण तो शब्द जुन्या आठवणींसाठी वापरतो, पण जन्मतः ते एका दुखण्याचे नाव होते. सर म्हणाले, ‘तुमच्यापैकी ज्यांना रात्री पोटात दुखते त्यांनी मेट्रनना तसे सांगा, आणि कशामुळे दुखते ते माहीत असेल तर मला हा एक शब्द लिहून द्या. बाकी काही लिहू नका.’

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी दिली. स्पेलिंग चुकले होते. त्यांनी ते दुरुस्त केले नाही. संध्याकाळी मला ग्रंथालयात पुस्तके लावायच्या कामावर घेतले आणि सत्र संपेपर्यंत ते काम माझ्याकडेच ठेवले. तास-दीड तास हातांना काम असायचे आणि जवळ मोठे माणूस असायचे. आम्ही फारसे बोलत नसू.


समास

नवी पाटी यांच्या प्रश्नांना सविस्तर उत्तर देतो.

बोलते करण्याविषयी. अमेरिकेतल्या फिलिप्स एक्सेटर अकॅडमी या निवासी शाळेला १९३० साली एडवर्ड हार्कनेस यांनी मोठी देणगी दिली आणि तीतून एका अंडाकृती टेबलाभोवती डझनभर मुले आणि एक शिक्षक बसून चर्चा करतील अशी पद्धत तेथे सुरू झाली. टेबलाला कोपरे नाहीत आणि मागचा बाकही नाही, त्यामुळे लपायला जागा उरत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला तीस-चाळीस मुलांचा वर्ग येतो आणि तेथे हे शक्य नसते. पण आपली शाळा निवासी आहे, हा आपला मोठा फायदा आहे. मी रविवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात बारा जणांना गोल करून बसवत असे. वर्गाबाहेर आणि गणवेशाबाहेर मुलांची जीभ सैल होते. मीही जमिनीवरच बसत असे. नियम एकच होता: कोणाची चूक तेथे कोणीही, मीसुद्धा, दुरुस्त करायची नाही. पहिले दोन रविवार बहुधा शांततेतच जातात. ती शांतता आपण बोलून भरून काढू नये. तिसऱ्या रविवारी कोणीतरी बोलतेच, आणि ते पुष्कळदा वर्गात कधीच हात वर न करणारे मूल असते.

वाचून दाखवण्याविषयी मात्र मला भरभरून सांगायचे आहे. दिवे मालवण्याआधीची वीस मिनिटे मी १९ वर्षे वाचले. परीक्षेच्या दिवसांत तर हटकून वाचले. खोलीत वीस पलंग, मधल्या वाटेत एक खुर्ची, तिच्यामागे एकच दिवा. पहिल्या वर्षी मी प्रत्येक कठीण शब्दापाशी थांबून अर्थ सांगत असे आणि मुले जागीच राहत. मग मेट्रनबाई म्हणाल्या, ‘सर, तुम्ही शिकवू नका, नुसते वाचा.’ त्यानंतर मी थांबलो नाही. मुलांना निम्मे कळत असेल, पण वाक्य कोठे चढते आणि कोठे उतरते, प्रश्न कसा संपतो, रागावलेला माणूस कोणत्या शब्दावर जोर देतो, हे त्यांच्या कानात मुरत गेले. व्याकरणाच्या तासाला जी मुले ‘हॅव’ आणि ‘हॅज’ यांत गोंधळत, ती वाचून दाखवलेल्या गोष्टीतले वाक्य जसेच्या तसे, बिनचूक म्हणून दाखवत. हळू वाचावे, निवेदनाचा स्वर सपाट ठेवावा, आणि प्रकरण रंगात आले असताना थांबू नये. तसे थांबले की मुले झोपत नाहीत.

एक सावधगिरी सांगतो. आयरिश कवी शेमस हीनी स्वतः डेरी येथल्या सेंट कोलंब्स कॉलेजात वसतिगृहात राहून शिकले. १९५३ साली त्यांचा चार वर्षांचा धाकटा भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला, तेव्हा ते शाळेतच होते. शाळेच्या आजारी मुलांच्या खोलीत घंटा मोजत घरी नेले जाण्याची वाट पाहणारा मुलगा त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेत आहे आणि ती कविता अनेक अभ्यासक्रमांत लावलेली असते. निवासी शाळेत ती शिकवण्याआधी वर्गातल्या कोणाच्या घरी अलीकडे काय घडले आहे, ते मेट्रनना विचारून घ्यावे. कविता टाळावी असे मी म्हणत नाही. त्या मुलाला आदल्या दिवशी एकट्याला बोलावून सांगावे की उद्या अशी कविता आहे, तुला हवे तर तू ग्रंथालयात बस. माझ्या अनुभवात बहुतेक मुले वर्गातच बसली, पण निवड त्यांची होती.

स्वतःसाठी वेळ फार थोडा उरतो. आठवड्यातून एक संध्याकाळ फाटकाबाहेर पडायचे असे पहिल्या महिन्यातच ठरवून घ्यावे. मी ते ठरवायला दहा वर्षे लावली आणि त्याची किंमत घरच्यांनी मोजली.


उंबरठा

घरच्यांनी मोजलेल्या किमतीविषयी समास यांनी एकच वाक्य लिहिले आहे, म्हणून मी त्याबद्दल लिहिते. माझे वडील निवासी शाळेत इंग्रजी शिकवत असत आणि आमचे घर वसतिगृहाला लागून होते. आमच्या बैठकीच्या खोलीचे दुसरे दार थेट मुलांच्या जिन्याकडे उघडत असे. त्या दारावर रात्री थाप पडली की बाबा जेवणावरून, झोपेतून, माझ्या अभ्यासावरून उठून जात. साठ मुलांचे ते वडीलधारे होते आणि मी एकसष्टावी होते. शाळेत त्यांना ‘सर’ म्हणायचे आणि घरी आल्यावर ‘बाबा’, हे मला पहिलीपासून शिकवले होते. एकदा मी घरीच ‘सर’ म्हणाले, तेव्हा आई उठून आत गेली.

मी तक्रार करत नाही. बाबा रात्री मुलांना वाचून दाखवत आणि ते उघडे दार व जिना यांतून मला ऐकू येई, म्हणून माझे इंग्रजी चांगले झाले. पण ते वाचन माझ्यासाठी नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. निवृत्तीनंतर घर सोडायला ठरावीक मुदत मिळाली. आमचे स्वतःचे सामान एका छोट्या ट्रकमध्ये मावले आणि त्यातले अर्ध्याहून अधिक म्हणजे पुस्तके आणि जुन्या वह्या. बाबांना नव्या घरात कित्येक महिने झोप लागत नसे, कारण रात्री दहाला मारायची फेरी उरली नव्हती. ते उठून आमच्या तीन खोल्यांतून एकदा फिरत, दारे पाहत, आणि मग झोपत.

नवी पाटी, तुम्हाला मुले झाली तर त्यांच्यासाठीही वीस मिनिटे वेगळी राखून ठेवा, आणि ती तुमच्या घराच्या आत असू द्या.


कवडसा

येथे सगळे जिव्हाळ्याने लिहीत आहेत आणि मला कोणालाही दुखवायचे नाही. पण मुलांना एवढ्या लहान वयात घरापासून तोडणेच मुळात बरोबर आहे का, हा प्रश्न बाजूला राहू नये. ब्रिटनमध्ये निक डफेल यांनी वसतिगृहात वाढलेल्या प्रौढांबरोबर दीर्घकाळ काम केले आहे. मानसोपचारतज्ज्ञ जॉय शाव्हेरिअन यांनी २०११ साली ‘बोर्डिंग स्कूल सिंड्रोम’ ही संज्ञा मांडली आणि २०१५ साली त्यावर पुस्तक लिहिले. फार लवकर घरापासून दूर पाठवलेली मुले भावना आत कोंडून घ्यायला शिकतात आणि मोठेपणी जवळच्या नात्यांत त्याचा त्रास होतो, हे त्यांचे निरीक्षण आहे. समास, तुमच्या त्या विद्यार्थ्याने वीस ओळी मुकाट्याने लिहून आणल्या, याचे कारण हेच नसेल का? चांगला शिक्षक ही व्यवस्था सुसह्य करतो आणि त्यामुळे ती टिकते, असे तुम्हाला कधी वाटले का?


तळटीप

कवडसा यांचा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर समासच देतील. मी फक्त एका शिक्षकाची आठवण करून देतो. फ्रँक मॅकेक्रन हे इंग्लंडमधल्या ग्रेशम्स शाळेत शिकवत होते, तेव्हा कवी डब्ल्यू. एच. ऑडेन तेथे विद्यार्थी होते. पुढे मॅकेक्रन यांनी श्रूझबरी शाळेत अनेक दशके शिकवले. ते निरनिराळ्या भाषांतल्या कवितांच्या ओळी गोळा करत, त्यांना ‘स्पेल्स’ म्हणजे मंत्र म्हणत, आणि मुलांना खुर्चीवर उभे करून त्या मोठ्याने म्हणायला लावत. अर्थ आधी सांगायचा नाही, आधी ओळ तोंडात बसू द्यायची. ज्या शाळेत मुलाने सतत रांगेत उभे राहायचे असते तेथे त्याला एकट्याला उंच उभे करून त्याचा आवाज ऐकणे, हे मला फार मोलाचे वाटते. व्यवस्था चांगली की वाईट हे त्यावरून ठरत नाही, पण तीत राहावे लागलेल्या मुलाच्या दृष्टीने तो एक तास निराळा असतो.


समास

कवडसा, तुमच्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. होय, असे मला वाटले आहे, आणि नोकरीत असतानाही वाटत होते. सात-आठ वर्षांच्या मुलांना वसतिगृहात ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे आणि आमच्या शाळेने खालचे वर्ग निवासी करायचे ठरवले तेव्हा मी त्याला लेखी विरोध केला होता. तो मानला गेला नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी काही मुले आनंदाने राहतात, काही राहू शकत नाहीत, आणि काहींना घरापेक्षा वसतिगृहच अधिक सुरक्षित असते, हेही मी पाहिले आहे. जी राहू शकत नव्हती त्यांच्या पालकांना बोलावून ‘याला घरी न्या’ असे मी १९ वर्षांत नऊ वेळा सांगितले. पाच जणांनी नेले. उरलेल्या चौघांपैकी दोघांविषयी मला अजूनही वाटते की मी आणखी जोर लावायला हवा होता.

मुकाट्याने लिहून आणलेल्या ओळींविषयी तुम्ही म्हणता ते खरे असावे. वसतिगृहातले आज्ञाधारक मूल पाहिले की शिक्षकाला हायसे वाटते, आणि तेच मूल सगळ्यांत उशिरा लक्षात येते. त्रास देणारे मूल निदान दिसते तरी. म्हणून पुढे मी दर महिन्याला वर्गाची यादी घेऊन बसू लागलो आणि महिनाभरात ज्या मुलाविषयी मला एकही गोष्ट आठवत नसे, त्याच्या नावापुढे खूण करू लागलो. पुढच्या आठवड्यात त्याचा निबंध सगळ्यांत आधी, डोके ताजे असताना वाचायचा. हे मी तेव्हाच्या सहकाऱ्यांनाही सांगितले होते आणि दोघा-तिघांनी ते उचलले.

उंबरठा यांचे लिहिणे माझ्या पत्नीला वाचून दाखवले. ती ते पुन्हा एकदा वाचायला मागून घेऊन गेली.


नवी पाटी

सर, आपण सगळ्यांनीच इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. महिन्याच्या यादीची आणि रविवारच्या व्हरांड्याची गोष्ट मी वहीत उतरवून घेतली. आणखी एक विचारू का? त्या मुलाला आपण नंतर काही सांगितलेत का?


समास

सांगितले. मेट्रनबाईंकडून कळले त्याच संध्याकाळी अभ्यासाच्या तासानंतर त्याला वही घेऊन थांबायला सांगितले. तो घाबरला होता, कारण थांबायला सांगणे म्हणजे काहीतरी चुकले असणार, असा मुलांचा समज असतो. मी ते पान उघडले आणि म्हणालो की या चार वाक्यांत तू वापरलेला काळच बरोबर होता, चूक माझी झाली. चारही लाल गोल त्याच्यासमोर खोडले, समासातला माझा शेरा खोडला आणि त्याखाली ‘विद्यार्थ्याचे बरोबर आहे’ असे लिहून सही केली.

तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘मला वाटलं, इंग्रजीत आईबद्दल वर्तमानकाळातच लिहायचं असतं.’

मी काही बोलू शकलो नाही. त्याने दप्तरातून पेन काढले, वीस ओळींच्या खाली एक ओळ सोडली आणि आपली मूळची चार वाक्ये पुन्हा लिहिली. मी त्यांवर खूण केली नाही आणि सहीही केली नाही. तो वही मिटून झोपायला गेला. सत्र संपल्यावर ती वही त्याच्याबरोबर घरी गेली.